चाळीस पुड्या

"तुमच्या मामांना अटक करता येते का, ते मी फौजदारांना विचारून आलोय," डॉक्टर पारखे म्हणाले.

"मग काय म्हणाले ते?"

"त्यांच्या मेव्हण्याला कावीळ झालीय. पुढच्या रविवारी त्याला घेऊन ते इथेच येणार आहेत."

एवढं बोलून त्यांनी लूना अंगणातल्या पेरूच्या झाडाला टेकवली आणि रांगेकडे बघत उभे राहिले. रांगेत साठेक माणसं होती. पिवळ्या डोळ्यांची, मरगळलेली, कुणी बैलगाडीतून आलेलं, कुणी एसटीने. रांगेच्या टोकाला पडवीतल्या बाजेवर माझे मामा, गेनू वाकचौरे, बसले होते. ते समोरच्याची पापणी खाली ओढून बघत, कागदाची पुडी त्याच्या हातावर ठेवत आणि दर वेळी तेच म्हणत, "ताकातून घ्या, तेल-तूप बंद, पुढच्या रविवारी या."

ही १९९१ च्या श्रावणातली गोष्ट. सांगवण हे घाटाच्या पायथ्याचं गाव, संगमनेरहून एसटीने दीड तास. मामांच्या घरात काविळीचं औषध तीन पिढ्यांपासून होतं. कुठल्याशा झुडपाचं मूळ कुटून त्याची पूड. झुडूप कुठलं, ते घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. पैसे घेतले तर गुण जातो म्हणून औषध फुकट. तीन तालुक्यांत मामांना देवाच्या खालोखाल मान होता, आणि एका बाबतीत ते देवापेक्षा सरस होते: रविवारी हमखास जागेवर सापडायचे.

मी मामांची भाची. आई लहानपणी गेली, तेव्हापासून याच घरात वाढले. पुढे संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि संगमनेरला कॉलेजात शिकवायला लागले. वय सत्तावीस. त्या वयात मला वाटायचं की जगात दोनच जातीची माणसं आहेत, संख्याशास्त्र कळणारी आणि बाकीची.

डॉक्टर पारखे माझ्याहून वर्षभराने लहान. श्रीरामपूरकडचे. सरकारी बाँड फेडायला आमच्या ग्रामीण रुग्णालयात येऊन त्यांना तीन महिने झाले होते. रुग्णालयाला तीस खाटा होत्या आणि त्यांवर रुग्णांपेक्षा मांजरं जास्त झोपायची, कारण रुग्ण इथे, आमच्या अंगणात.

"गेनूभाऊ," डॉक्टर म्हणाले, "ही कावीळ नळाच्या पाण्यातून आलीय. यातले बहुतेक जण आपोआप बरे होणार आहेत. पण चार-पाच जण होणार नाहीत, आणि ते तुमच्या पुडीवर बसून राहतील."

मामांनी पुढच्याची पापणी खाली ओढली. मामी आतून चहा घेऊन आली. ठकूमामी म्हणजे पाच फुटांच्या आतली, पण आवाज सात फुटांचा.

"डाक्टर, आधी चहा घ्या. मंग अटक करा."

चहा पिताना मला ती बुद्धी सुचली. आता म्हणते बुद्धी. तेव्हा तर मला तो साक्षात्कारच वाटला होता.

"मोजून बघू या," मी म्हटलं. "चाळीस पेशंट घेऊ. विसांना मामांची पूड, विसांना तशीच दिसणारी दुसरी कसलीतरी. कुणाला कुठली, ते ना पेशंटला ठाऊक, ना मामांना, ना तुम्हाला. दवाखान्याची औषधं आणि तपासणी सगळ्यांनाच. पंधरा दिवसांनी रक्त तपासायचं."

डॉक्टरांचे डोळे चमकले. मामीने मात्र कपबशी अशी ठेवली की बशी फुटते की काय असं वाटलं.

"कशाला पायजे ते? तीन पिढ्या लोक बरं व्हतंय, आता मोजून काय जास्तीचं व्हनार हाये?"

मला वाटलं मामा आता मला घरातून हाकलणार. पण हातातली पुडी खाली ठेवून ते म्हणाले, "करू या. मलाबी बघायचंय."

"अहो, पण..." मामी म्हणाली.

"ठकू, मला बघायचंय."

मामा मामीचं बोलणं तोडत नसत. त्या दिवशी तोडलं. मी त्याचा अर्थ असा लावला की म्हातारे कंटाळलेत. चाळीस वर्षं एकही रविवार गावाबाहेर काढला नव्हता त्यांनी. औषध खोटं ठरलं तर सुटका होईल, असं त्यांच्या मनात असेल. मी हुशार होते, त्यामुळे मला हे लगेच कळलं. साफ चुकीचं कळलं.

संध्याकाळी मी त्यांना सगळं समजावलं. "हे बघा मामा, आधी आपण धरून चालायचं की औषधात काही दम नाही. याला शून्य गृहीतक म्हणतात."

"आपनच धरायचं? माझ्याच औषधाबद्दल?"

"हो. मग बघायचं की औषधात दम नसताना, नुसत्या नशिबाने, दोन गटांत एवढा फरक किती वेळा पडला असता. शंभरात पाचपेक्षा कमी वेळा पडणार असेल, तर म्हणायचं, हे नशीब नाही, औषधात दम आहे."

मामी चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने मागे वळूनही बघितलं नाही.

"म्हंजी शंभरात पाच येळा तुझं गनित बी थापा मारतं म्हन की."

"तसं नाही मामी."

"मंग कसं?"

मी तिला वीस मिनिटं समजावलं. शेवटी ती म्हणाली, "तेच तर म्हनले मी." आणि खरं सांगायचं तर तेच म्हणाली होती.

दोन प्रकारची पूड लागणार होती, एक खरी आणि एक खोटी. खरी मामीच करायची. आठ-नऊ वर्षांपूर्वी मामा उतरणीवरून घसरून गुडघ्यात मोडले होते, तेव्हापासून मूळ खणून आणणं आणि कुटणं तिच्याकडेच होतं. खोटीसाठी मी तिलाच सांगितलं की दिसायला, वासाला, चवीला अगदी तशीच हवी, पण निरुपद्रवी. आठवड्याने तिने माझ्यापुढे दोन डबे ठेवले, लाल झाकणाचा खरा आणि हिरव्या झाकणाचा खोटा. मी दोन्हींतली चिमूट जिभेवर ठेवून बघितली. फरक कळेना.

"मामी, कमाल केलीस तू."

"बरं," मामी म्हणाली आणि आत निघून गेली.

डबे मी संगमनेरला नेले. चाळीस चिठ्ठ्या पातेल्यात टाकून काढल्या, त्याप्रमाणे पुड्यांवर एक ते चाळीस नंबर घातले आणि कुठल्या नंबरात काय याची यादी पाकिटात बंद करून कॉलेजच्या कपाटात ठेवली. किल्ली गळ्यात. माझ्या गळ्यात आयुष्यात घातलेला तो पहिला दागिना म्हटला तरी चालेल.

लोकांना आम्ही सगळं खरं सांगितलं होतं. गरोदर बाया, लेकरं आणि जास्त आजारी माणसं आधीच बाजूला काढून डॉक्टरांनी दाखल केली. बाकीच्यांना विचारलं, "निम्म्यांना खोटी पूड मिळणार आहे, चालेल का?" मला वाटलं कुणी तयार होणार नाही. पण खोटी आपल्याला मिळेल असं एकालाही वाटत नव्हतं. एक आजोबा म्हणाले, खोटी माझ्या व्याह्याला द्या, त्याला तसाही कशाचा गुण येत नाही. फौजदारसाहेबांनी मेव्हण्यासाठी वशिला लावून बघितला. मी म्हटलं, साहेब, मलाच माहीत नाही. ते म्हणाले, "असं कसं, कुणाला तरी माहीत असेलच ना?" मी म्हटलं, कपाटाला माहीत आहे. ते नाराज झाले, पण मेव्हण्याला एकोणतीस नंबरची पुडी घ्यायला लावलीच.

असे दोन महिने गेले. डॉक्टर पारखे लूनावरून वाड्यावस्त्या हिंडून रक्ताच्या बाटल्या गोळा करायचे. चाळीसांपैकी एकही सुटला नाही, याचं श्रेय त्यांना. कुत्री चावायला आली, एका म्हातारीने त्यांना रक्त पिणारा समजून केरसुणीने हाणलं, पण माणूस मागे हटला नाही. त्यांना खात्री होती. मलाही होती. औषध खोटं ठरणार, मामा सुटणार, आणि माझा शोधनिबंध छापून येणार.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी दवाखान्यातल्या त्यांच्या खोलीत आम्ही पाकीट फोडलं. मी नंबर वाचत गेले, ते निकाल सांगत गेले. रक्तातलं बिलिरुबिन दोनच्या खाली आलं तो बरा, असं आधीच ठरवलं होतं.

लाल डबा: विसांतले सतरा बरे.

हिरवा डबा: विसांतले दहा.

डॉक्टरांनी रजिस्टर पुन्हा तपासलं. मी फरक नशिबाचा आहे का ते बघायचा आकडा, काय-स्क्वेअर, काढला. तीन पूर्णांक चौऱ्याऐंशीच्या वर गेला तर औषधात दम आहे असं म्हणायचं होतं. चार पूर्णांक दहा आला.

"परत काढा," डॉक्टर म्हणाले.

परत काढला. आकडे माणसांसारखे नसतात, दुसऱ्यांदा विचारलं म्हणून लाजत नाहीत. चार पूर्णांक दहा.

डॉक्टरांनी रजिस्टरमधल्या एका नावावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "सतरा नंबरचा पेशंट काढून टाका."

"का?"

"त्याने पथ्य मोडलं होतं. मटण खाल्लं होतं त्याने, मला स्वतः सांगितलं."

"मटण खाऊनही बरा झाला म्हणून काढायचा?"

"नियम मोडला म्हणून."

"तो बरा झाला नसता तर तुम्हाला त्याचं मटण आठवलं असतं का, डॉक्टर?"

त्यांनी रजिस्टर मिटलं. मी मात्र सतरा नंबर वगळून गणित करून बघितलं, हे इथे कबूल करते. तीन पूर्णांक एकाहत्तर. एका माणसाने, त्याच्या एका मटणाच्या वाटीने, औषध खोटं ठरत होतं. कागदावर पेन्सिलचा तो आकडा बघत मी पाचेक मिनिटं बसले. मला तो फार हवा होता. मग खोडून टाकला.

"आहे ते आहे," मी म्हटलं. "औषधाला गुण आहे असं निघालंय. तसंच लिहायचं."

"आणि पुढच्या वर्षी जे त्यावर विसंबून मरतील ते?"

माझ्याकडे प्रामाणिकपणा होता, आणि त्या दुपारी मला तो फार मोठा वाटत होता. तो मिरवत मी घरी आले.

मामा पडवीत दोर वळत बसले होते. मी त्यांच्यासमोर बसून सांगितलं. सतरा आणि दहा. शंभरात पाचपेक्षा कमी. "मामा, औषधात दम आहे. मला वाटलं नव्हतं, पण आहे."

मला वाटलं ते उसासा सोडतील, आता जन्मभर रविवार गेले म्हणून. त्यांनी दोर खाली ठेवला.

"नक्की?"

"गणित तसं म्हणतंय."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलायला लागले. मी मामांना माझ्या आईच्या मौतीलाही रडताना पाहिलं नव्हतं. जरा वेळाने त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि बोलायला लागले.

"बारवाडीची मंजुळा म्हनून पोरगी व्हती. वीस-एकवीस वर्साची. गेल्या श्रावणात आलती, सात महिन्यांची पोटुशी. डोळे हळदीवानी. मी पुडी दिली. म्हनलं, पुढच्या रविवारी ये. तिच्या सासूने इचारलं बी, दवाखान्यात न्यायची का? मी म्हनलं, कशाला, गुण येईल." त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं. "बुधवारी गेली. पोटातल्यासकट. तेराव्याला तिचा नवरा माझ्याकडं नारळ घेऊन आला. म्हनला, वैद्यबुवा, तुमी व्हता म्हनून तीन दिस तरी निघाले."

त्यांनी दोर पुन्हा हातात घेतला.

"वर्सभर माझ्या डोक्यात एकच. औषध खरं असंल तर तिची येळ आलती, त्याला कोन काय करनार. अन् औषध खोटं असंल तर मीच तिला घरी धाडली मरायला. म्हनून तुला म्हनलं, मोज." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मोठं काम केलंस पोरी."

त्या दिवशी ते दोन भाकरी जास्त जेवले. मामी एक शब्द बोलली नाही. मामी न बोलता पाच मिनिटं राहिली तरी शेजारचे विचारायला यायचे, बरं आहे ना म्हणून.

दुसऱ्या दिवशी, रविवारची रांग पांगल्यावर, मामा आडवे झाले होते. मामी परसात भांडी घासत होती. मी विसळायला बसले. तिने एक कढई घासली, दुसरी घासली, आणि तिसरी घासता घासता म्हणाली, "हेमे, दोन्ही डब्यांत एकच पूड व्हती."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"लाल काय अन् हिरवा काय. एकाच उखळातली."

"मामी, काय बोलतेस तू? मी तुला खोटी वेगळी कर म्हणून सांगितलं होतं."

"खोटीच केली की. दोन्ही बी."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मामांचा गुडघा मोडला त्याच वर्षी ते मूळ ज्या उतरणीवर मिळायचं, तिथे खडीची खाण सुरू झाली. एका उन्हाळ्यात अर्धा डोंगर गेला. मामीने दोन महिने बाकीच्या टेकड्या धुंडाळल्या. झुडूप कुठेच मिळालं नाही. इकडे दर रविवारी दारात रांग, आणि मामा खाटेवर पाय बांधून पडलेले. मामांना सांगितलं असतं तर ते तसल्या पायाने डोंगर चढायला निघाले असते.

"मंग मी कडुलिंबाची साल वाळवून कुटली. कडू तर तीबी लागती. अन् थोडी बडीशेप."

"बडीशेप कशाला?"

"तोंडाला बरी लागती."

"आणि मामांना कळलं नाही?"

"देनाऱ्यानं चाखायचं नाय, असा नेम हाये ना त्यांच्या घरचा. पहिल्या रविवारी वाटलं, आता कुनी बरं व्हनार नाय अन् आपलं बिंग फुटंल. पुढच्या रविवारी समदे बरे हून आले, पेढे घिऊन. नऊ वर्सं झाली."

मी हसायला लागले. मला आवरेना. लिंबाची साल विरुद्ध लिंबाची साल, आणि चार पूर्णांक दहा. शंभरात पाच वेळा नुसतं नशीबच फरक दाखवतं, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहायचे, पोरं वहीत उतरून घ्यायची, आणि त्या पाचातली एक वेळ माझ्या घरी येऊन माझ्यासमोर बसली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. उलट तिच्यासाठी एका डॉक्टरशी भांडून आले.

हसता हसता माझं मामीकडे लक्ष गेलं. ती हसत नव्हती.

"मंजुळाला दिलेली बी माझीच," ती म्हणाली. राखेने माखलेले हात तसेच मांडीवर ठेवून बसली होती. "तू शिकलेली हायेस. सांग, त्यांना सांगू का नको?"

आता इथे माझा प्रामाणिकपणा कामाला यायला हवा होता. एका मटण खाणाऱ्याला यादीतून काढायला नकार देणारी मी. पण मला मामांचे हलणारे खांदे आठवले, आणि मी म्हटलं, "नको सांगूस. वर्षभराने झोप लागलीय त्यांना. कशाला?"

मामीने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. हिला एवढं शिकवून काय उपयोग झाला, असा हिशेब होता.

"अन् फुडच्या रविवारी आनखी एक मंजुळा आली तर? आता तर ते छाती ठोकून पुडी देतील. तूच सांगितलंस ना, दम हाये म्हनून."

तिने हात धुतले, पदराला पुसले आणि उठली. मी मागोमाग गेले. मामा उठून बसले होते. मामीने कसलीही प्रस्तावना केली नाही, दारात उभी राहून सगळं सांगितलं. खाण, लिंबाची साल, दोन डबे, मंजुळा. मामा तिच्याकडे बघत होते.

"बडीशेप बी?" मामांनी विचारलं.

"हां."

"माझ्या बापानं साठ वर्सं दिलं. त्यात बडीशेप नव्हती."

"ठावं हाये मला."

मग ते माझ्याकडे वळले. "हेमा, खरं मूळ असतं तर ती पोरगी वाचली असती का?"

मला खोटं बोलायची दुसरी संधी होती. घेतली नाही, कारण मामी माझ्या शेजारी उभी होती.

"माहीत नाही मामा. खरं मूळ आपण तपासलंच नाही. आता तपासताही येणार नाही. आणि डॉक्टर म्हणतात, पोटुशीची कावीळ वाईटच असते. दवाखान्यात वेळेवर नेली असती तर कदाचित वाचली असती. नक्की सांगता येत नाही."

"पन नेली असती तर."

"हो. नेली असती तर."

तीन दिवस मामा कुणाशी बोलले नाहीत. मामीशी तर नाहीच. मी कॉलेजला दांडी मारून थांबले. डॉक्टर पारख्यांना मी दवाखान्यात जाऊन सगळं सांगितलं. ते आधी माझ्यासारखेच हसले, मग माझ्यासारखेच थांबले. निबंधाचं आम्ही दोघांनी नंतर कधी नावच काढलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी मामा चुलीपाशी येऊन बसले आणि मामीला म्हणाले, "चहा टाक. साखर कमी घाल, तुझा काय नेम नाय, बडीशेप घालशील." मामी पदर तोंडाला लावून रडली. तिला नऊ वर्षांचं रडायचं होतं, त्यामुळे चहाला बराच उशीर झाला.

रविवारी अंगणात पन्नासेक माणसं होती. मामा बाजेवर बसले नाहीत. काठी टेकत पायरीवर उभे राहिले.

"औषध संपलं," ते म्हणाले. "खरं म्हंजी नऊ वर्सांमागंच संपलं. तुमाला दिली ती लिंबाची साल व्हती. तुमी बरे झालात ते तुमच्या नशिबानं अन् शरीरानं. आता समद्यांनी दवाखान्यात जायचं."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "वैद्यबुवा परीक्षा घेत्यात."

"व्हय, आपला भाव बघत्यात."

"परीक्षा नाय, खरं सांगतोय," मामा म्हणाले.

एक म्हातारा हात जोडून पुढे आला. "बुवा, मंग ती लिंबाचीच द्या. तुमच्या हातची द्या, आमाला चालंल."

मामांनी माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे काय होतं? मी चाळीस माणसांचं गणित मांडून त्यांना सांगितलं होतं की औषधाला गुण आहे. आता पुन्हा कुठल्या तोंडाने काय सांगणार. लोक जागचे हलेनात. मामा आत गेले, वहाणा घालून बाहेर आले आणि म्हणाले, "चला माझ्यामागं."

दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला, पाऊण मैलावर. मामा पुढे, मोडक्या गुडघ्यामुळे दर वीस पावलांनी थांबत, आणि मागे पन्नास माणसं, तीही थांबत. कुणाला वाटलं देवळात चाललोत, एकीने वाटेत जास्वंद तोडून घेतली. शेवटी मामी, कारण मधून कुणी सटकू नये. दवाखान्याच्या दारात पोचल्यावर आधी आतली मांजरं बाहेर आली आणि मग डॉक्टर पारखे.

केसपेपरच्या खिडकीत बोऱ्हाडे नावाचे कारकून होते. आयुष्यात एका सकाळी पन्नास केसपेपर त्यांनी कधी फाडले नव्हते. पहिली बाई खिडकीशी गेली. नाव, वय, गाव विचारून झालं.

"जबाबदार व्यक्ती?" बोऱ्हाड्यांनी विचारलं.

बाई गोंधळली. "म्हंजी?"

"रांगेत बरोबर कोण आलंय? काही झालं तर कुणाला कळवायचं? नाव लिहावं लागतं इथे."

"एकलीच आले मी. नवरा मुंबईला हाये."

मामा खिडकीशेजारच्या बाकावर गुडघा चोळत बसले होते. ते उठले.

"माझं लिहा. गेनू बाबुराव वाकचौरे."

बोऱ्हाड्यांनी लिहिलं. दुसरा माणूस आला. मामा म्हणाले, "माझंच." तिसऱ्यालाही तेच. त्याचा तर धाकटा भाऊ शेजारीच उभा होता, तरी मामा म्हणाले, माझंच. दहा-बारा कागद झाल्यावर बोऱ्हाड्यांनी पेन खाली ठेवलं. जुने ओळखीचे होते ते मामांचे.

"गेनूभाऊ, असं सगळ्यांवर आपलं नाव घालू नका. पन्नास माणसं आहेत. उद्या यातलं एखादं दगावलं तर घरचे तुमच्या दारात येतील जाब विचारायला."

"येऊ द्या," मामा म्हणाले. "मागच्या वर्सी जाब इचारायला कुनी आलंच नाय."